दुसऱ्यांचं पान

नकाशांची पुस्तकं छापणाऱ्या त्या कार्यालयात त्यांना सगळे वाचनबाई म्हणत. कारण बाईंचं कामच वाचायचं. तेही मनात नाही, चांगलं मोठ्याने, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. टेबलाच्या पलीकडे दादा, म्हणजे मुख्य मुद्रितशोधक. बाईंनी मूळ प्रतीतली ओळ वाचायची, दादांनी कच्च्या छापील पानावर तीच ओळ बोटाने धरायची, आणि जुळली की लाल पेन्सिलीचं टिंब द्यायचं. "न्यू गिनी, स्वल्पविराम, सात लाख पंच्याऐंशी हजार चौरस किलोमीटर, पूर्णविराम." असं सव्वीस वर्षं! दुसऱ्या कुणाचं डोकं फिरलं असतं. या दोघांचं मात्र झकास जमलं होतं.

पुस्तकाच्या अगदी शेवटी एक पान होतं, ते दादांचं लाडकं. त्यात जगातलं पहिलं काहीच नव्हतं, सगळे दुसरे. दुसरं उंच शिखर के-टू, दुसरा मोठा देश कॅनडा, दुसरं मोठं बेट न्यू गिनी. हे पान घ्यावं म्हणून दादा एकेकाळी मालकांशी हमरीतुमरीवर आले होते. "पहिला कोण ते शेंबडं पोरही सांगतं," ते म्हणायचे. "दुसरा कोण, विचारा की! दक्षिण ध्रुवावर दुसरी पोचलेली माणसं पाच आठवडे उशिरा पोचली, म्हणून काय ती बर्फातून चालली नव्हती?" नव्या माणसाला तर हे भाषण पहिल्याच दिवशी ऐकावं लागे. जुने लोक तेवढ्यात चहाला सटकत.

दादा महिनाअखेर निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी बाई बसणार, असं मॅनेजरसाहेबांनी सुचवलं होतं. पत्र मात्र हातात पडलं नव्हतं. बाईंना ती खुर्ची हवी होती. उगाच साळसूदपणा कशाला, अगदी जिवापाड हवी होती. सव्वीस वर्षांत पुस्तकावर त्यांचं नाव एकदाही आलं नव्हतं. मुद्रितशोधन म्हणून नाव यायचं ते दादांचं एकट्याचं.

आणि नेमकं तेव्हाच एका शाळामास्तरांचं खरमरीत पत्र आलं. नव्या आवृत्तीत दुसऱ्यांच्या पानावर, दुसरं सर्वांत खोल सरोवर म्हणून बैकल छापलंय. अहो, बैकल तर पहिलं! दुसरं टांगानिका. पुस्तकं तर हजारोंनी छापून तयार. साहेबांचं डोकंच फिरलं. अक्षरजुळणी करणारा कबूल झाला, त्याला वाटलं मूळ प्रतीतच चूक आहे, म्हणून त्याने आपल्या अकलेने "सुधारली". त्याची अक्कल त्याच्यापाशी. पण असलं शहाणपण पकडायलाच तर या दोघांना पगार होता. दोघांपैकी कोण चुकलं? साहेब म्हणाले, "चार वाजता दोघंही माझ्याकडे या." आणि बाईंकडे बघून पुढे म्हणाले, "वाचतानाच घोटाळा झाला असेल, तर त्या खुर्चीचं मला पुन्हा बघावं लागेल."

बाईंना पक्कं आठवत होतं. टांगानिका हा शब्द त्यांना आवडायचा, त्या तो जरा लांबवूनच वाचायच्या. त्यांनी कपाटातून कच्च्या पानांचा गठ्ठा काढला. बैकलच्या ओळीपुढे लाल टिंब होतं, दादांच्या हातचं. बाईंचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच रागही आला. सकाळपासून हा माणूस मूग गिळून का बसलाय?

दादा खिडकीशी पाठमोरे बसून पेन्सिलीला टोक करत होते.

"दादा, मी टांगानिकाच वाचलं होतं."

पेन्सिलीची खरखर चालूच.

"दादा! तुमचं टिंब आहे इथे. काहीतरी बोला की!"

दादांनी पेन्सिलीच्या टोकावर फुंकर मारली, वळले आणि दचकले. "अगं, तू कधी आलीस? चहा सांगू?"

बाई बघतच राहिल्या. मग त्यांनी ते पान तोंडापुढे धरलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "दादा, आज वार कोणता?"

"हो हो," दादा मान हलवत म्हणाले, "बघू या."

बाईंनी पान तोंडापुढून खाली घेतलं. गेली काही वर्षं दादा त्यांना उजेडाकडे तोंड करून बसायला लावायचे, ते यासाठी होय! नवराही घरी कुरकुरायचा, हल्ली एवढी ओरडून का बोलतेस म्हणून. दादांना ऐकू येईना तसा बाईंचा आवाज वाढत गेला होता, आणि त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं. दादा ओठ बघत, आणि बाकीचं आठवणीवर निभावत. सगळा भूगोल तोंडपाठ. खोल सरोवर आणि बैकल, ही जोडी डोळ्यांच्या इतक्या ओळखीची, की हात आपोआप टिंब देऊन पुढे गेला. कानांनी अडवायला हवं होतं.

चार वाजता साहेबांनी सरळच विचारलं, "बाई, तुम्ही काय वाचलंत?"

पान बाईंच्या हातात होतं. दाखवलं की खुर्ची त्यांची. पण आठ दिवसांवर दादांचा निरोप समारंभ. चाळीस वर्षांच्या नोकरीचा शेवट असा करायचा? बाईंनी पानाची घडी घातली.

"माझंच काहीतरी चुकलं असेल," त्या म्हणाल्या.

"खोटं बोलतेय ती!" दादा एकदम उठले. बाईंच्या तोंडावरून त्यांची नजर हलली नव्हती. "तिने बरोबरच वाचलं असणार. मला ऐकू येत नाही, साहेब. चार वर्षं झाली."

"काय?" साहेब म्हणाले.

"काय म्हणालात?" दादांनी विचारलं.

साहेबांनी एका कागदावर लिहून कागद दोघांपुढे सरकवला: खुर्ची बाईंची, शुद्धिपत्र आजच्या आज.

खोलीत परत आल्यावर शुद्धिपत्राच्या चार ओळी तपासायच्या होत्या. बाई दादांच्या समोर आल्या, आणि ओठ नीट दिसतील असं म्हणाल्या, "आज तुम्ही वाचा. मी तपासते."

दादांनी वाचलं. स्वच्छ, खणखणीत, स्वल्पविरामासकट. दोन मिनिटांत काम झालं. एक शब्द चुकला नाही. आणि तेव्हा कुठे बाईंचा संताप बाहेर पडला.

"चार वर्षांपूर्वी नुसतं सांगायचं होतंत, दादा! तुमचे डोळे धड, माझे कान धड. तुम्ही वाचलं असतं, मी तपासलं असतं. जागा तेवढ्या बदलायच्या होत्या. एवढं सोपं होतं, आणि तुम्ही चार वर्षं जीव मुठीत धरून बसलात?"

बाईंचे ओठ थांबेपर्यंत दादा बघत राहिले. मग चोरी पकडली गेल्यासारखे कसनुसे हसले.

"मग मी दुसरा झालो असतो ना गं," ते म्हणाले.