खलनायकाची कंबर

माझ्या सासऱ्यांइतकं देखणं मरण झाडीपट्टीच्या रंगभूमीवर दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. पावसाळाभर ते पोंभुर्ण्याकडे धान पिकवतात आणि धान घरात आला की गावोगावच्या नाटकांत खलनायक होतात. शेवटच्या अंकात गोळी लागली, की मामाजी धाडकन आडवे! फळ्या दणाणतात, धूळ उडते, पुढे बसलेल्या बाया मनसोक्त शिव्या घालतात. त्या शिव्या ते घरी येऊन सासूबाईंना चवीने ऐकवतात. एखादी नवी निघाली तर दोन घास जास्त जेवतात.

गेल्या साली धानाच्या रोवणीनंतर त्यांची उजवी पोटरी पेटली. त्यांनी तिला तेल चोळलं, शेक दिला, निरगुडीचा पाला बांधला आणि भेटेल त्याला धोतर वर करून दाखवली. शेवटी मीच त्यांना चंद्रपूरला फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेलं. बाईंनी पाय उचलून पाहिला आणि हात ठेवला तो कमरेवर.

"बाई, दुखून राह्यलं खाली अन् तुमी वरती पाहून राह्यल्या. काऊन?" मामाजींना चौकशा फार.

"काका, कमरेतून एक जाड नस निघते, ती मांडीच्या मागून पार पावलापर्यंत जाते. दबलीय कमरेत, ओरडतेय पोटरीत."

मग त्यांनी पालथं पडून छाती उचलायचा व्यायाम शिकवला, रोज थोडं चालायला सांगितलं. दुखणं पायातून वर कमरेकडे सरकलं तर घाबरू नका, ती सुधारणाच, असंही म्हणाल्या.

"अन् मले मरता येईन का?"

बाई दचकल्या. मी नाटकाचं सांगितलं, तेव्हा कुठे हसल्या. "मरा खुशाल, पण धाडकन पडणं बंद."

त्या दिवसापासून मला रोज सकाळी मामाजींचा फोन. पाऊल म्हणजे सिरोंचा आणि कंबर म्हणजे चंद्रपूर, असा एसटीचा रस्ता त्यांनी पायावर आखला होता. "जवाईबापू, दुखणं आज आलापल्लीले हाय." आठवड्याने ते आष्टीला आलं, पुढे गोंडपिपरीला. एकदा उलटं आष्टीला गेलं, तेव्हा मागून सासूबाई कडाडल्या, "सांगा नं, पोतं उचललं म्हनून!"

नाटकांचे दिवस आले तोवर दुखणं बल्लारशात येऊन विझत चाललं होतं. पहिल्याच प्रयोगाला मी जीव मुठीत धरून बसलो. गोळी सुटली. मामाजी आधी गुडघ्यावर आले, मग हात टेकून कुशीवर झाले, मग बेताने आडवे. मांडवात चिडीचूप. एवढ्यात पुढची एक म्हातारी ओरडली, "हळू गा भाऊ, कमर सांभाळजो!" पडदा पडल्यावर ते आपले आपण उठले, आणि माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं बांधावरून फिरायला निघालो. ते पुढे, अजिबात न लंगडता. चालता चालता म्हणाले, "पाय बरा झाला, जवाईबापू. पन काल एक शिवी नाई आली. लोकाइले माही दया आली."

ते ताठ चालत होते, आणि मागून त्यांच्याकडे बघताना मला फार वाईट वाटत होतं.