ताटाची डावी बाजू

बाबांनी उभा जन्म वलगावला वांगी-मेथी पिकवली आणि अमरावतीच्या बाजारात स्वतः बसून विकली. दुकान म्हणजे एक गोणपाट आणि दोन टोपल्या. पण त्या जागेवर बसले की त्यांचा रुबाब तहसीलदाराला लाजवेल असा. मागच्या वर्षी बाजारातल्या बायका मला सांगू लागल्या, "तुमचे बाबा शिष्ट झाले व माय आता. जवळ उभं रायलं तरी पायत नाई." मी हसण्यावारी नेलं.

मग ते चार दिवस माझ्याकडे राहायला आले. भाजी-पोळी खायची, चटणी-कोशिंबीर जशीच्या तशी टाकायची, असं रोज सुरू झालं. माझं डोकं लवकर तापतं. चौथ्या दिवशी मी म्हटलं, "आईच्या हातची चव नाही माझ्या हाताला, ठाऊक आहे. पण अन्न कशाला टाकता?" ते गोंधळून म्हणाले, "वाढलीच कुठं तू चटणी?" मी रागारागात ताट गर्रकन फिरवलं. त्यांना चटणी दिसली, आणि आता भाजी दिसेना.

डॉक्टर म्हणाले, मेंदूत छोटा झटका येऊन गेला आहे. डोळे ठणठणीत आहेत, पण दोन्ही डोळ्यांची डावीकडची अर्धी नजर गेली आहे, आणि ती परत येईलच असं नाही. बाबांचा एकच प्रश्न होता, बाजारात कधी बसता येईल?

त्यासाठी बाबा माझ्याकडेच राहिले आणि आम्ही अकोल्याला जाऊ लागलो. तिथे नजरेचा सराव करून घेणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी दाराच्या डाव्या चौकटीला लाल पट्टी लावली आणि सांगितलं, "नजर आधी डावीकडे फेकायची. पट्टी दिसेपर्यंत थांबायचं नाही. मग एकेक ओळ बघत परत यायचं." पेपर वाचतानाही समासावर तशीच पट्टी. बाबा खूश झाले. "हे त जमते मले. वांगे तोडाले आपण आंधी धुऱ्यावर जातो, मंग तासानं माघारी येतो." मॅडमना धुरा म्हणजे शेताचा बांध आणि तास म्हणजे पिकाची ओळ हे मी समजावून सांगितलं. त्यांनी मला बजावलं, "घरी त्यांच्या सोयीचं काही करू नका. ताट नेहमीसारखंच वाढा. डावीकडचं त्यांना शोधू द्या." सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं सराव, आणि केला की वहीत बरोबरची खूण.

तीन आठवडे मी नेमानं केलं. मग शाळेत परीक्षा आल्या, पेपरांचे गठ्ठे घरी आले. बाबा डावीकडची चटणी शोधत बसले की माझी बस चुकायची. "बाबा, डावीकडे बघा ना!" असं मी वर्गातल्या पोरांवर ओरडावं तसं ओरडायचे. एके दिवशी चटणी, कोशिंबीर, लिंबू, सगळं उजवीकडे वाढलं. जेवण दहा मिनिटांत उरकलं. मग त्यांची खाटही फिरवली, म्हणजे दार, टीव्ही, पाण्याचा तांब्या सगळं उजव्या अंगाला आलं. शेजारणी म्हणाल्या, पोरीनं बापाचं किती केलं. मीही ते ऐकून घेतलं, आणि थोडं खरंही मानलं.

तीन महिन्यांनी तपासणीला निघालो तेव्हा वही जवळजवळ कोरी होती. एसटीत बाबांना उजव्या खिडकीशी बसवलं आणि मी त्यांच्या डाव्या हाताला बसले. मुद्दामच बसले. बडनेरा ते मूर्तिजापूर मी खुणा करत गेले, तीन वेगवेगळ्या पेनांनी. मधले दोन-चार दिवस रिकामे सोडले, कारण पूर्ण भरलेल्या वहीवर कोणी विश्वास ठेवत नाही. वह्या तपासण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत.

मॅडमनी मोठ्या टेबलावर बटणं पसरली. बाबांनी उजवीकडची भराभर वेचली आणि हात मांडीवर ठेवून म्हणाले, "झालं." डावीकडची सगळी तशीच पडून होती. मॅडमनी वही चाळली आणि माझ्याकडे वळल्या. "रोज दोनदा करून एवढंच जमत असेल, तर पुढे फार सुधारणा होईल असं वाटत नाही. बाजाराचं आता मनातून काढा."

बोलायचं होतं तर ते तेव्हाच.

बाबाच बोलले. "मॅडम, पोरीचा काही दोष नाई. ते बसवते मले, मीच डोये मिटून बसतो. कंटाळा येते."

मॅडम चिडल्या. सत्तरीच्या माणसाला त्यांनी लहान पोरासारखं झापलं, पोरीची मेहनत वाया घालवता म्हणाल्या. बाबा खाली मान घालून "हाव, हाव" करत राहिले. मी वही पर्समध्ये घातली. शेवटी मॅडमनी आणखी तीन महिन्यांची मुदत दिली, आणि तेवढ्यानं बाबांचा चेहरा खुलला.

स्टँडवर चहा घेताना मला राहवलं नाही. "तुम्ही खोटं का बोललात, बाबा?"

"तू लिहून रायली होती तवा पाह्यलं मी."

"तुम्हाला कसं दिसलं?"

त्यांनी कप खाली ठेवला आणि डोळे सावकाश माझ्याकडे, डावीकडे आणले. "गाडीत दर घडीले पायतो न मी तिकडं. तू बसली असते."