फ्लॅगस्टाफच्या उतारावर मागची दोन चाकं

शनिवारी सकाळी चँडलरहून आम्ही निघालो तेव्हा इतकं लख्ख ऊन होतं की मीनलच्या गाडीला बर्फातले टायर बघून शेजारचे आजोबा कुत्र्यासकट थांबले. महिना जानेवारीचा, पण ॲरिझोनातला. दारात निवडुंग, माझ्या अंगात सुती कुडता, आणि आम्ही मायलेकी निघालो होतो बर्फ शोधायला.

मीनल माझी मुलगी. चिप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. कंपनीने तिला बढती देऊन न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला बोलावलं होतं. तिथे वर्षातले चार-पाच महिने बर्फ असतो. होय की नाही ते सोमवारी कळवायचं होतं. काम तिला मनापासून हवं होतं. घोडं अडलं होतं ते एकाच ठिकाणी. बर्फात गाडी चालवायची तिने धास्ती घेतली होती. फ्लॅगस्टाफला जाऊन दोन दिवस चालवून बघायचं, जमलं तर होय म्हणायचं, असं तिचं तिनेच ठरवलं.

आता माझ्याविषयी. मी सत्तावीस वर्षं साताऱ्यात ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. निम्मं गाव माझा आरडाओरडा ऐकत क्लच सोडायला शिकलं. शिकली नाही ती फक्त माझी मुलगी. अठराव्या वर्षी यवतेश्वरच्या घाटात चढावर तिच्या हातून गाडी मागे घरंगळली, आणि चार लोकांदेखत मी म्हणाले, "उतर खाली. तुला नाही जमायचं." ती उतरली ती चालतच घरी गेली. पुढे अमेरिकेत कुण्या परक्या माणसाकडून शिकली. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही.

तिची गाडी विजेवरची. तिला क्लच नाही, गिअर नाही, त्यामुळे मला नावं ठेवायलाही फारशी जागा नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी आपोआप मंदावते. घाट उतरताना आपण दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो ना, तसंच काहीसं. फक्त इथे अडवलेली ताकद वाया जात नाही, मोटर तिची वीज करून बॅटरीत परत भरते. मीनल ब्रेकला क्वचितच पाय लावते. तिच्याकडे आल्यावर मला पहिले दोन दिवस घेरी आली, मग सवय झाली.

टायर दिले होते प्रशांतने. हा तिच्या ऑफिसातला नागपूरचा मुलगा. मिनेसोटाच्या थंडीतून चँडलरच्या उन्हात आला, तेव्हा त्याच्या अशाच गाडीचे चार हिवाळी टायर चाकांसकट गॅरेजमध्ये पडून राहिले. मऊ रबर, खोल खाचा, थंडीत दगड न होणारे. "मावशी, चारही लावा हं," त्याने फोनवर बजावलं होतं. मी टायर उलटेपालटे करून पाहिले. दोन उत्तम होते, दोन घासून भेगाळलेले. मी निकाल दिला: चांगले दोन पुढे, मागे गाडीचे नेहमीचेच राहू देत. स्टिअरिंग पुढे, ब्रेकचा भार पुढे. हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला घोकून घेतलं होतं. मीनल म्हणाली, प्रशांत चार म्हणालाय, मागचे दोन आपण वर फ्लॅगस्टाफला नवीन घेऊ. मी म्हटलं, मी टायर पारखायला लागले तेव्हा तू पाळण्यात होतीस. ती पाना घेऊन नट आवळायला लागली.

फीनिक्स मागे पडलं तसा रस्ता चढू लागला. हात वर केलेले उंच निवडुंग एकदम संपले, पिवळं गवत आलं, मग खुरटी झुडपं. चढ, आणि त्यात पुढच्या मऊ रबराची ओढ, त्यामुळे बॅटरी झरझर उतरत होती. कॅम्प व्हर्डीला चार्जिंगसाठी थांबलो. मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली. शेजारी आपली गाडी चार्ज करत असलेल्या बाईंना एक दिला तर त्यांनी तो उभ्या उभ्या संपवला आणि हे पिवळं काय म्हणून विचारलं. हळद कळली, थालीपीठ आणि धपाटा यांतला फरक मात्र मला इंग्रजीत सांगता आला नाही. मराठीत तरी कुठे धड येतो?

आयुष्यातला पहिला बर्फ मी पाहिला तो फ्लॅगस्टाफच्या पेट्रोल पंपामागे. काळपट, ढीग करून ठेवलेला. मी हिरमुसले. पण गाव ओलांडलं आणि उंच पाईनची झाडं सुरू झाली, तिथे तो पांढराशुभ्र, झाडाखाली मांडी घालून बसला होता. मी गाडी थांबवायला लावून हातात घेतला, चाखलासुद्धा. मीनल म्हणाली, "आई, प्लीज, लोक बघतायत." दुपारी एका छोट्या खाणावळीत फ्राय ब्रेड (तेलात तळलेली जाड, फुगीर पोळी) आणि हिरव्या मिरचीचं गरम सूप घेतलं. त्या मिरचीने सातारकरणीची लाज राखली.

जेवून डोंगराकडच्या रस्त्याला लागलो. चढताना गाडी झकास गेली. मीनलचे खांदे सैल झाले, ती गुणगुणायला लागली. वरून परत फिरलो. उतारावर एक वळण आलं आणि तिने नेहमीप्रमाणे ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला.

पुढची चाकं रस्ता धरून होती. मागचा भाग मात्र कुणीतरी शेपूट धरून ओढल्यासारखा बाजूला निघाला. गाडी आडवी झाली, संथपणे घसरली आणि कडेच्या बर्फाच्या भिंतीत धप्प करून रुतली. वेग कमी होता. ना आम्हाला लागलं, ना गाडीला ओरखडा आला. मीनल स्टिअरिंग धरून तशीच बसली होती.

"आई, मी नाही म्हणून कळवते त्यांना," ती म्हणाली. "मला नाही जमत हे."

त्या वेळी मी तिच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. मी म्हणाले, "स्टिअरिंग फार घट्ट धरलं होतंस." सवय, दुसरं काय.

मागून येणारा एक पिकअपवाला थांबला. त्याने दोर लावून गाडी बाहेर ओढली, चारही चाकांभोवती एक फेरी मारली आणि शीळ घातली. मग म्हणाला, माझ्या मागे मागे हळू या. त्याने आम्हाला गावातल्या एका टायरच्या दुकानात नेऊन सोडलं आणि आभार मानायच्या आत निघून गेला.

दुकान कॅरल नावाच्या बाईंचं होतं. माझ्याच वयाच्या, हात कोपरापर्यंत काळे. टायरवाली बाई पाहून मला एकदम माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. त्यांनी गाडी वर चढवली आणि मीनलला समजावून सांगितलं, मी कान देऊन ऐकत होते. या गाडीची मोटर मागच्या चाकांवर आहे. म्हणजे पाय उचलल्यावर गाडीला रोखतात ती मागची चाकं. त्यांना बर्फावर पकड नसेल तर मोटर त्यांना रोखते, चाकं सरळ घसरतात आणि गाडी फिरते. गाडीतला संगणक सावरतो, पण त्याला क्षणभर उशीर होतो. पुढे चांगले आणि मागे गुळगुळीत, ही तर सगळ्यांत वाईट जोडी.

"हे असे लावले कोणी?" कॅरलने विचारलं.

"मी," मीनल म्हणाली.

लगेच म्हणाली, माझ्याकडे न बघता. मला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. या मुलीने काय काय असं मुकाट्याने स्वतःच्या नावावर घेतलं असेल! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल तर बर्फात जाऊन पडला होता, आणि मार खात होती ती.

मी पुढे झाले. माझं इंग्रजी बेताचंच, पण त्या दिवशी पुरलं. "नो. आय डिड इट. शी सेड फोर. आय सेड टू." आणि मग मीनलकडे वळून मराठीत म्हणाले, "चूक माझी होती. तू गाडी बरोबर चालवत होतीस. आजही, आणि त्या दिवशी घाटातही. त्या गाडीची क्लचप्लेट गेली होती. मला माहीत होतं, तरी मी तुला उतरवलं."

मीनल माझ्याकडे वळली. "मला वाटायचं, मला चढ जमत नाही," ती म्हणाली. तिचे डोळे भरले, माझेही. कॅरलला अक्षर कळलं नव्हतं, पण तिने कागदी रुमालाचा अख्खा डबा आणून आमच्यामध्ये ठेवला.

मागे दोन नवे हिवाळी टायर चढले. कॅरलने आम्हाला समोरच्या चर्चच्या रिकाम्या मैदानात पाठवलं. तिथे घट्ट बर्फ होता. मीनलने दहा-बारा वेळा वेग घेऊन पाय उचलला. गाडी दर वेळी सरळ रेषेत मंदावली. शेवटी ती हसायला लागली, आणि मी अगदी लहान मुलीसारखी टाळ्या वाजवत होते.

रविवारी सकाळी निघताना गाडीच्या पडद्यावर सूचना आली, सध्या वीज परत घेणार नाही. कॅरलने हेही सांगून ठेवलं होतं: रात्रभर गारठलेली बॅटरी भरून घ्यायला कां कू करते, तोवर पायाने हलका ब्रेक लाव. मीनलने तसं केलं. हळूहळू बॅटरी गरम झाली आणि परत येणारी वीज दाखवणारी पडद्यावरची हिरवी रेघ पुन्हा लांब व्हायला लागली. परतीला तिने हमरस्ता सोडून मुद्दाम सेडोनाकडे उतरणारा घाट निवडला. एकाखाली एक वळणं, दोन्हीकडे बर्फाने वाकलेली झाडं. पहिलं वळण ती अलगद उतरली. दुसरंही.

मला जाग आली तेव्हा गाडी उभी होती. समोर तांबडे कडे, स्वच्छ ऊन, बर्फाचा मागमूस नाही. मीनल बाहेर कॉफी पीत उभी होती. मी ओशाळले. शिकाऊ माणसाच्या बाजूला सत्तावीस वर्षं बसले. चालत्या गाडीत माझा डोळा कधी लागला नव्हता, रात्रीच्या स्लीपर बसमध्येसुद्धा.

"घाट संपला?" मी विचारलं.

"केव्हाच. तू घोरत होतीस," ती म्हणाली आणि फोन माझ्यापुढे धरला. तिने होकार पाठवून दिला होता.

"अगं, सोमवारपर्यंत वेळ होता ना?"

"तू झोपलीस आई. आणखी कशाला थांबायचं?"

आता साताऱ्यात येऊन महिना झाला. भेटेल तो विचारतो, अमेरिकेत काय काय पाहिलंत. मी बर्फ सांगते, धपाटे खाणाऱ्या बाई सांगते, कॅरल सांगते. सेडोनाचा घाट फार सुंदर आहे म्हणतात. मी तो पाहिलेला नाही.