शेजारच्या देवाची संत्री

हसणार नसाल तर सांगते. नाहीतर हसाच, आता इतकी शोभा झालीच आहे!

सिंगापूरच्या शाळेत माझं प्रोबेशन चाललेलं. नोकरी पक्की की पुण्याचं तिकीट, हे प्रिन्सिपॉल मॅडम माझा एक तास बघून ठरवणार होत्या. धडा कोणता? ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी आणि ब्रिटिश यांची पहिली गाठ. माझा हातखंडा विषय!

मॅडम मागच्या बाकावर बसल्या आणि मी सुटलेच. "ब्रिटिश किनाऱ्यावर उतरले, बिनदिक्कत झोपड्यांत शिरले, भाले उचलले आणि बदल्यात मणी ठेवून आले! विचारलं का कुणाला? वर वाटलं, आपण किती सभ्य!"

मेलिंगचा हात वर. इथली मुलं वाक्याच्या शेपटाला 'लाह' लावतात, आपल्या 'ना'सारखं. "टीचर, माझ्या आजीकडे सेम सेम, लाह! क्लेमेंटीला. दाराबाहेर तिचा देव आहे. त्याची संत्री रोज कोणीतरी नेतं आणि बशीत तपकिरी गोळे ठेवतं!"

माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

अहो, ते गोळे म्हणजे माझे शेंगदाण्याचे लाडू! मी त्याच क्लेमेंटी भागात राहते. शेजारच्या दाराबाहेर छोटासा लाल देव्हारा, पुढे बशीत संत्रं. मला वाटलं, बाहेर ठेवलंय म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांना प्रसाद! प्रसादाला नाही कसं म्हणायचं? हात जोडून उचललं. आणि आपल्यात शेजारणीची बशी रिकामी ठेवतात का कधी? ठेवला लाडू. दुसऱ्या दिवशी दोन संत्री! मग माझे दोन लाडू. आठवड्यात चारावर गेलो. मी आईला फोनवर सांगतेय, "अगं, काय जीव लावते शेजारीण!"

"आजी... रागावलीय?" मी चाचरत विचारलं.

"आधी घाबरली. आता म्हणते, देव स्वतः खातोय. म्हणून जास्त ठेवते."

"देव नाही, ब्रिटिश, लाह!" कोणीतरी ओरडलं. वर्ग पेटला. "पकडा त्यांना!"

गप्प बसले असते तर निभावलं असतं हो. पण त्या बिचाऱ्या आजीला आणखी किती फसवायचं?

"मुलांनो," मी म्हटलं, "ते ब्रिटिश आजीच्याच शेजारी, बाराव्या मजल्यावर राहतात. म्हणजे... मी."

बाप रे, काय हसली कार्टी! मेलिंग तर बाकाखाली गेली. संध्याकाळी तिलाच दुभाषी म्हणून घेऊन आजीची माफी मागायची ठरली.

तास संपल्यावर मॅडम जवळ आल्या. चेहरा अगदी गंभीर. मी मनातल्या मनात बॅगा भरायला घेतल्या.

"नोकरी पक्की," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात ब्रिटिश सिंगापुरात कसे उतरले, तो धडा आहे. तोही तुम्हीच घ्या. इतका अनुभव स्टाफमध्ये दुसऱ्या कुणालाच नाही!"