डबकं क्रमांक तीन

समुद्रावर जायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात सगळ्यात जास्त तयारी केली ती अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. ते जाणार नव्हते. जाणार होते मी, कॉलेजच्या सहलीबरोबर. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्राणिशास्त्र घेतलं आहे. रामेश्वरच्या अलीकडे एक लहानसं निर्जन बेट आहे, तिथले पक्षी, खेकडे आणि ओहोटीनंतर खडकांत उरणाऱ्या डबक्यांतले जीव यांच्या नोंदी करायच्या होत्या.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अण्णा पाठशाळेत शिकले, आई आठवीपर्यंत. त्यामुळे ही सहल म्हणजे नेमकं काय ते सांगताना मी अडखळले. शेवटी म्हटलं, "तिथे जाऊन नीट बघायचं आणि लिहायचं."

"त्यासाठी एवढे दिवस रेल्वेत बसायचं?" आई म्हणाली. "इथे माकडं कमी आहेत का? गच्चीवर बस आणि लिही."

पण रामेश्वर हे नाव अण्णांच्या कानावर पडलं होतं. आम्ही काशीत दुर्गाघाटावर राहतो. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची पूजा अण्णा सांगतात. काशीचं गंगाजल रामेश्वरला न्यायचं आणि तिथली वाळू आणून गंगेत सोडायची, अशी जुनी रीत आहे. वाळू खरं तर प्रयागला संगमात सोडतात, पण पुष्कळ जण त्यातली थोडी काशीसाठी राखतात आणि पुडी घेऊन आमच्याकडे येतात. अण्णांनी आयुष्यभर लोकांची वाळू सोडली. स्वतःची कधीच नाही. समुद्रही त्यांनी पाहिलेला नाही.

"मूठभर आण," ते म्हणाले. मग जरा थांबून, "मूठभर नको, चिमूटभर चालेल. पण आपली."

मी हो म्हटलं. जाण्याच्या दिवशी त्यांनी माझ्या हातात गंगाजलाची दोन लिटरची प्लास्टिकची कॅन दिली. आई म्हणाली, "अहो, गडू द्या की छोटा." त्यावर अण्णा म्हणाले, "एवढा मोठा समुद्र. गडूभर पाणी त्याला कुठे पुरणार?"

गाडीत माझी रामनगरची मैत्रीण शेजारी होती. मी पुजाऱ्याची मुलगी म्हणून तिने माझं नाव पंडिताइन ठेवलं आहे. जबलपूर यायच्या आत तिने दोनदा कॅनला हात घातला. "पंडिताइन, ये पानी पीने का है कि देखने का?" मी कॅन मांडीवर घेऊन बसले. पुढे सगळा डबा मला विचारू लागला की बाळ झोपलं का.

बेटावर जाणाऱ्या बोटीत आमच्या मॅडमनी नियम सांगितले. तिथून काहीही न्यायचं नाही. शिंपला नाही, प्रवाळाचा तुकडा नाही, वाळूचा कणही नाही. पाण्यात काहीही टाकायचं नाही. वहीच्या प्रत्येक पानावर आधी जागा, तारीख, वेळ, भरती की ओहोटी आणि स्वतःचं नाव, मगच नोंद. मैत्रीण कुरकुरली. मला त्यात काही अवघड वाटलं नाही. आमच्या घरी कुठलीही पूजा अशीच सुरू होते. संकल्पात आधी ठिकाण, मग तिथी, मग नाव. तोवर देवही ऐकत नाही.

पण 'वाळूचा कणही नाही' हे ऐकलं आणि मला अण्णांची चिमूट आठवली.

निदान गंगाजल तरी पोचवू, असं मी ठरवलं. ओहोटी होती, पाणी खूप मागे गेलं होतं आणि मधले खडक निसरडे होते. मॅडमनी दोरी बांधली होती, तिच्या पलीकडे जायचं नव्हतं. दोरीच्या अलीकडे परातीएवढं एक डबकं होतं. त्यात एक समुद्रफूल होतं. नाव फुलाचं असलं तरी तो प्राणी आहे, खडकाला चिकटून बोटं हलवत बसलेला. मी विचार केला, हाही समुद्रच की. इकडे तिकडे बघितलं, मनात अण्णांचं नाव घेतलं आणि कॅन रिकामी केली.

पाण्यात काही टाकू नका हे मी ऐकलं होतं. पण गंगाजल त्यात धरायचं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्या घरी कशातही गंगाजल घातलं की ते शुद्ध होतं.

अर्ध्या तासाने मैत्रीण पाण्याचा खारटपणा मोजत त्या डबक्यापाशी आली. इतर डबक्यांत पस्तीसच्या आसपास आकडा येत होता. ती ओरडली, "मॅडम! डबकं क्रमांक तीन, बावीस!"

मॅडम धावत आल्या. पुन्हा मोजलं, यंत्र पुसून मोजलं, दुसऱ्या यंत्राने मोजलं. बावीस. "खाली गोड्या पाण्याचा झरा असेल का?" असं म्हणताना त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला पळून जावंसं वाटलं. मुलं भोवती जमली. कुणी फोटो काढले. एकाने तर झऱ्याला कॉलेजचं नाव द्यायचं सुचवलं.

मग मी डबक्यात बघितलं. समुद्रफुलाने सगळी बोटं आत ओढून घेतली होती. नुसता एक तपकिरी गोळा उरला होता.

"मॅडम," मी म्हटलं, "झरा नाही. ते गंगाजल आहे."

मग मैत्रीण म्हणाली, "मला एक घोट दिला नाहीस, आणि इथे अख्खी कॅन?" सगळे इतके हसले की खडकावरचे बगळे उडाले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी समुद्रफुलाकडे बोट दाखवलं. "त्याला विचारलं होतंस? त्याचं सगळं आयुष्य मिठात आहे. आता इथेच बस. भरती येईपर्यंत काय काय होतं ते वहीत लिही. तू काय केलंस तेही."

मी गुडघ्यांवर बसून लिहीत राहिले. भरतीचं पाणी आलं, लाट डबक्यात शिरली आणि मला कमरेपर्यंत भिजवून गेली. तिसऱ्या की चौथ्या लाटेनंतर गोळ्यातून एक बोट बाहेर आलं. मग दुसरं. मी एवढ्या मोठ्याने "उघडलं!" म्हणाले की मॅडम आल्या आणि माझ्याशेजारी बसून बघत राहिल्या. मला वाटलं, आता विचारावं.

"मॅडम, वडिलांसाठी एक चिमूट वाळू..."

"तू एक चिमूट नेशील," त्या हळूच म्हणाल्या, "तुझ्यामागे तीस जण आहेत."

बोटीत चढताना सगळ्यांना बूट झटकायला लावले. मी मोजेही झटकले. धक्क्यावर नुसतं सिमेंट होतं. तिथून बस थेट स्टेशनवर गेली. रामेश्वरला जायला वेळच उरला नाही.

घरी पोचले तेव्हा अण्णा पाटासमोर बसले होते, पुढे चांदीची वाटी. वाळू येतेय हे त्यांनी गल्लीतल्या दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"नाही आणली," मी म्हटलं.

"चिमूटभरही?"

"मोजेही झटकले, अण्णा."

"कुणी बघत होतं?"

"नाही."

ते वाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एका यात्रेकरूच्या पुडीत विटेचा तुकडा निघाला होता. तरी मी ती वाळू सोडली. आणि माझी मुलगी मोजे झटकते." रागावलेत की काय ते मला कळेना. मी वही काढून क्रमांक तीनचं पान वाचून दाखवलं, सगळं, कॅनसकट. त्यांनी एकच विचारलं, "पण उघडलं ना शेवटी?"

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "अगं, ओढणीला हे पांढरं काय लागलंय? सर्फमध्ये भिजवू का?"

अण्णा ताडकन उठले. "थांब! साबण लावू नकोस!" ओढणीच्या काठावर लाटेची पांढरी रेघ वाळून बसली होती. त्यांनी ती जिभेला लावली. "खारट आहे," ते म्हणाले, जणू हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. मग माझ्याकडे वळले. "तुझ्या मॅडमना हे चालेल?"

मी खरोखर विचार केला. "कपडे धुऊ नका असं त्या म्हणाल्या नाहीत."

आम्ही घाटाच्या पायऱ्या उतरलो. अण्णांनी ओढणी हातात धरून संकल्प सुरू केला आणि मध्येच थांबले. "त्या जागेचं नाव काय?"

"नाव नाही. क्रमांक आहे. तीन."

त्यांनी डोळे मिटले. त्या लांबलचक संस्कृतात, अगदी स्पष्ट आवाजात, डबकं क्रमांक तीन आलं. खालच्या पायरीवर स्नान करणाऱ्या एका आजोबांनी भक्तिभावाने हात जोडले. अण्णांनी ओढणी गंगेत बुडवली.