सत्कारात लागलेलं कुंकू

मोठ्या बाबांवरचा माझा राग इतक्या वर्षांत तसूभरही कमी झालेला नाही, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही. मोठे बाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. आमच्या फुलसावंगीत त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नाही, माझे वडील तर नाहीच नाही.

जर्मनीत शेतीविषयाच्या एमएस्सीला मला प्रवेश मिळाला, व्हिसा आला. आमच्याकडे कुलपाचं कपाट नाही म्हणून मोठ्या बाबांनी पासपोर्ट आपल्या कपाटात ठेवून घेतला. मग एसटी स्टँडवर फ्लेक्स लागला. त्यात ते दाराएवढे आणि मी कोपऱ्यात तिकिटाएवढी. निघायला आठ दिवस असताना समाजमंदिरात माझा सत्कार ठेवला. तालुक्याचा एक पुढारी प्रमुख पाहुणा होता. त्याच्याकडून मोठ्या बाबांना निवडणुकीचं तिकीट हवं होतं, म्हणून ते सकाळपासून घाम पुसत फिरत होते.

शाल झाली, हार झाला. मग एक अनोळखी बाई स्टेजवर आल्या. त्यांनी मला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला, पेढा भरवला. मला वाटलं, सत्कारच आहे. मी हसून त्यांच्या पाया पडले. खुर्चीत बसताना स्टेजमागच्या बायकांची कुजबुज ऐकू आली, "झालं बाई, कुंकू लागलं. पोरगी जमली."

आमच्याकडे असं कुंकू लागलं की सोयरीक पक्की. मी शेजारी बसलेल्या मोठ्या बाबांकडे पाहिलं.

"हे काय होय, मोठे बाबा?"

"पाहुणे आर्णीचे हायेत, पोरगा इंजिनिअर हाये," ते समोर बघत हळूच म्हणाले. "जर्मनी कुठी पयून राह्यली? लग्न झाल्यावर जाय नवऱ्यासंग."

पहिल्या रांगेत बाबा स्वतःच्या चपलांकडे बघत बसले होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. आईला नव्हतं, ती उभी राहून माझ्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला रडू आलं नाही. मला मोठ्या बाबांना तोंडघशी पाडायचं होतं, तिथेच, त्यांच्याच मांडवात.

तेवढ्यात सूत्रसंचालकाने सत्कारमूर्तींना दोन शब्द बोलायची विनंती केली.

मी माईक घेतला. सगळ्यांचे आभार मानले. म्हणाले, "मोठ्या बाबांनी मला सांगितलंय, शिक्षण पूर्ण होईपर्यंत कुणी लग्नाचं नाव काढलं तर त्याची खैर नाही. असा माणूस घरात असायला नशीब लागतं." टाळ्या पडल्या. "पाहुण्यांचा नारळ चुकून माझ्या ओटीत आला, तो मी परत करते." खाली उतरून तो मी त्या बाईंच्या हातात दिला. त्यांचा चेहरा मी अजून विसरले नाही. त्यांच्याबद्दल मात्र मला खरंच वाईट वाटतं. "आणि माझा पासपोर्ट मोठ्या बाबांच्या कपाटात आहे. तो आज, तुम्हा सगळ्यांसमोर, त्यांच्याच हातून मिळावा एवढीच इच्छा आहे."

पुढारी खूश झाला. "वा, भाऊ! काय बोलली पोरगी! आणा ना मंग पासपोर्ट, फोटो काढू."

तिकिटापुढे मोठ्या बाबांचं काही चालेना. त्यांनी किल्ली देऊन मोठ्या आईला, म्हणजे आपल्या बायकोला, घरी पाठवलं. पासपोर्ट आला. फोटोत ते हसताहेत, पण जबडा आवळलेला स्पष्ट दिसतो. आठ दिवसांनी जायचं ठरलं होतं; मी त्याच दुपारी नागपूरला मैत्रिणीकडे निघाले. बॅग आईनेच भरली. स्टँडवर बाबा आले, बस हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभे राहिले. त्यांना मी माफ केलं.

मोठ्या बाबांना नाही. दर दिवाळीला तो फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकते, खाली लिहिते, "मोठ्या बाबांचा आशीर्वाद." ते लाइकचा अंगठा टाकतात. न टाकून करतील काय!

गेल्या महिन्यात त्यांच्या धाकट्या मुलीचा फोन आला. तिलाही बाहेर शिकायचं आहे, पासपोर्ट नुकताच आलाय. "ताई, बाबा म्हंतेत, कपाटात ठेवतो म्हणून. काय करू?"

तिचा पासपोर्ट आता माझ्या आईच्या ज्वारीच्या कोठीत आहे. मोठे बाबा सध्या तिच्या सत्काराची तारीख बघताहेत.