रेघेच्या वरचं तेल

मखमलाबादच्या आमच्या गल्लीत गाड्या पुष्कळ आहेत, पण दर आठवड्याला आंघोळ घातलेला एअर फिल्टर फक्त सावळीरामतात्यांच्या जीपमध्ये असतो. बाकी आमच्या गाड्यांत कागदाचे फिल्टर. मळला की मेकॅनिक काढतो, फेकतो, नवा बसवतो. तात्यांना हे सहन होत नाही. "फेकता? धुवायला हात नाय का?" असं ते विचारतात आणि समोरच्याला स्वतःच्या हातांची लाज वाटेपर्यंत बघत राहतात.

जीप डिझेलवरची, जुनी. तिचा मूळ रंग कोणता होता यावर घरात मतभेद आहेत. तात्यांच्या मळ्यातली मेथी आणि शेवंती तिच्यातूनच मार्केटला जाते. अंबूबाई बाळंतपणाला दवाखान्यात गेल्या त्या या जीपमधून, आणि ज्ञानेश घरी आला तोही हिच्यातूनच. त्यामुळे जीपला नावं ठेवलेली तात्यांना घरच्या माणसाला ठेवल्यासारखी लागतात.

या जीपच्या फिल्टरला तळाशी एक लोखंडी वाटी असते. वाटीत तेल. इंजिनात जाणारी हवा आधी त्या तेलावरून जाते, धूळ तेलात बसते, उरलीसुरली वरच्या तारेच्या जाळीत अडकते. वाटी आणि जाळी धुवायची, नवं तेल ओतायचं, की झालं. असा फिल्टर जन्मभर पुरतो.

हे काम शनिवारी सकाळी चालतं आणि ते बघायला गल्लीनं हजर राहावं अशी तात्यांची अपेक्षा असते. बाजेवर एका बाजूला अंबूबाईंच्या कुरडया वाळत असतात, दुसऱ्या बाजूला डिझेलमध्ये धुतलेली जाळी. दोन्हींच्या मध्ये अंबूबाईंनी एक जुनं लुगडं घडी करून ठेवलेलं असतं, नाहीतर कुरडया थेट इंजिनात घालाव्या लागल्या असत्या. जाळी पूर्ण वाळल्याशिवाय तात्या हात लावू देत नाहीत. "ओल्या डोक्यानं कोणी गावाला जातं का?" असं मलाच दरडावतात. मी कधी गेलो नाही, तरी ऐकून घेतो.

मग येतं तेल. इथे तात्यांचा स्वभाव सांगायलाच हवा. पंचक्रोशीत कुठेही लग्न असलं की वाढायला तात्या. पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून बुंदी सोडणारा हा माणूस. "पुरे" हा शब्द त्यांच्या लेखी भिडस्त माणसाची सवय आहे. त्यांनी वाढलेलं संपवताना मी स्वतः एकदा रडकुंडीला आलो आहे, आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी बघून ते म्हणाले होते, "आवडलं वाटतं!" आणि आणखी वाढलं होतं.

फिल्टरच्या वाटीला आतून एक रेघ असते. तेल तिथवर ओतायचं, पुढे नाही. तात्यांनी या रेघेचा अर्थ आपल्या परीनं लावला होता. रेघ म्हणजे वाटीनं भिडेपोटी म्हटलेलं "पुरे". ते रेघेपर्यंत ओतायचे, क्षणभर थांबायचे, आणि प्रेमानं आणखी एक धार सोडायचे. इतकी वर्षं जीप बिनतक्रार पळत होती, म्हणजे तिला आवडत असणार.

तात्यांच्या अभिमानाची आणखी एक जागा म्हणजे घराचं लोखंडी गेट. ते कधी करकरत नाही. आमची सगळ्यांची गेटं पावसाळ्यानंतर रडतात, यांचं मुकाट उघडतं. "लोखंडाला माणूस कळतो," असं तात्या सांगायचे. आम्ही मान डोलवायचो, कारण न डोलवली तर ते चहा पाजतात आणि तोही दोनदा.

यंदा जीपचं पासिंग आलं. ज्ञानेश अंबडच्या एका कारखान्यात आहे. तो म्हणाला, "तात्या, बस झालं आता. ही भंगारात देऊ, नवा पिकअप घेऊ."

तात्या भडकले. "पास नाय झाली तर तूच ने भंगारात! मी अडवणार नाय."

बोलून गेले, आणि मग जेवण जाईना. दुपारी उगाच जीपमध्ये जाऊन बसायचे, स्टिअरिंगवर हात ठेवून. एरवी मी त्यांच्यावर वैतागतो, पण तेव्हा मला त्यांची खरोखर दया आली.

त्याच आठवड्यात अंबूबाई भाचीच्या लग्नाला सटाण्याला माहेरी गेल्या. पासिंगच्या आदल्या दिवशी तात्यांनी फिल्टर असा घासला की जाळीत तोंड बघावं. नंतर तेल ओतलं. प्रसंग मोठा, म्हणून धारही मोठी.

तपासणीला मी बरोबर होतो. तिथल्या माणसानं इंजिन रेस करायला सांगितलं. जीपनं आधी खोकल्यासारखं केलं, मग मागून जो धूर सोडला त्यात तो तपासनीस, त्याचं यंत्र आणि रांगेतल्या दोन रिक्षा दिसेनाशा झाल्या. धुरातून त्याचा आवाज आला, "काका, आधी गाडी नीट करा, मग आणा."

परत येताना तात्यांनी डिझेलला दोष दिला, यंत्राला दिला, हवेला दिला, शेवटी मला म्हणाले, "तुम्ही मागं बसले, वजन आलं." घरी ज्ञानेशनं सरळ भंगारवाल्याचा नंबर शोधायला घेतला. तात्यांना तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी अंबूबाई आल्या. लग्नातल्या बुंदीची पिशवी हातात, तोवर गल्लीनं त्यांना सगळं सांगितलेलं. त्या घरात गेल्या, एक जुनी पळी घेऊन बाहेर आल्या आणि सरळ जीपचं बॉनेट उघडलं. फिल्टरची वाटी सोडवली तर तेल काठावरून खाली ओघळलं.

"हाई काय शे?" अंबूबाई रागावल्या की माहेरची बोली बाहेर पडते. "ओतलं आणि तसंच ठेवलं?"

"मग काय करतात?" तात्या गोंधळले.

"मी काढते ना! दर शनिवारी. तुम्ही हात धुवून जेवायला बसता तवा. रेघेच्या वर गेलं की इंजिन तेल ओढून जाळतं. गाडी घेतली तवाच मिस्तरीनं सांगितलं होतं. तुम्ही त्याला चहाचा आग्रह करीत होते."

"एवढी वर्षं? मला का नाय सांगितलं?"

"माझ्या ताटातलंही काढतेच की मी, तुमची पाठ वळली की. नको म्हटलं तर तुमचं तोंड उतरतं."

तात्यांचं तोंड उतरलंच. मग त्यांनी विचारलं, "आणि ते काढलेलं तेल?"

अंबूबाईंनी नुसतं गेटकडे पाहिलं.

ज्ञानेश म्हणाला, "आई, पण ठरलं होतं. पास नाही तर भंगारात."

"चूक गाडीची नाय, ओतणाऱ्याची हाय," अंबूबाई म्हणाल्या. "भंगारात कोणाला द्यायचं ते नीट ठरव."

ज्ञानेशला हसू आवरलं नाही. जीपला आणखी एक संधी मिळाली. मिस्तरीनं आत गेलेलं तेल साफ करून दिलं. वाटी पुन्हा धुतली, आणि तात्या तेलाचा डबा घेऊन बसले. समोर अंबूबाई.

"थांबा."

तात्या थांबले. तेल रेघेवर होतं. डबा अजून तिरकाच होता. "थोडंसं?"

"नाही."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी डबा सरळ केला. जीप पास झाली.

आठवड्याभरात तात्या मूळ पदावर आले. शेजारच्या लहानूला अंगणात बसवून व्याख्यान चालू झालं. "रेघ म्हणजे रेघ! लोकांना कळत नाय लहानू, प्रेम वेगळं आणि तेल वेगळं."

"बरोबर हाय तात्या," लहानू म्हणाला. "तुम्हाला कोणी शिकवलं हे?"

तात्यांनी छाती भरून श्वास घेतला. तेवढ्यात गेट करकरलं. असं, की लहानू दचकून उठला. डोक्यावर शेवंतीची पाटी घेऊन अंबूबाई आत येत होत्या.

तात्यांनी गेटकडे बघितलं. भरलेली छाती हळूच खाली बसली.

"हिनं," ते म्हणाले.

"काय?" अंबूबाईंनी विचारलं.

"काय नाय. गेट वाजतंय."

"तेल घालते नंतर."

"नको," तात्या म्हणाले. "वाजू दे."